खुडूक कोंबडीची बाजू

मुरबाड तालुक्यातल्या एका ठाकरवाडीत कोंबडीपालनाचं प्रशिक्षण होतं. बचत गटाच्या बाया अंगणवाडीच्या ओट्यावर दाटीवाटीनं बसल्या होत्या. शिकवायला आलेल्या गृहस्थांनी छापील कागद काढला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्या कोंबड्या कोणत्या जातीच्या?" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. जात विचारायची आपली खोड कोंबडीपर्यंत पोचलेली, हसू नाही तर काय येणार! शेवटी एकजण म्हणाली, "गावठी." त्यांनी तसं लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

सरकारी दप्तरात या गावठी कोंबडीला 'नॉन-डिस्क्रिप्ट' म्हणतात. म्हणजे जिचं वर्णन करता येत नाही अशी. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच बायांना म्हटलं, "आता मला सांगा, तुमच्या कोंबड्या कशा आहेत?" आणि पाऊण तास त्या थांबल्या नाहीत. ही पिवळ्या पायांची, हिची पिल्लं सहसा दगावत नाहीत. ती काळ्या पायांची, अंडी मोठी घालते पण शेजारच्या पडवीत जाऊन घालते. ही भुरी भित्री आहे, कुत्रं भुंकलं की अंड्यांवरून उठते. ती तांबडी मुंगसावर धावून जाते. "ताई, तिच्या डालग्यात हात घालायची माझ्या नवऱ्याचीपण हिंमत नाय," एक मावशी म्हणाल्या. पाय, तुरा, कानपाळी, पिसांचा रंग, माया, राग, भीती, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. कागदावर मात्र एकच शब्द गेला.

पिवळ्या पायांवरून एक गोष्ट सांगते. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे बऱ्याच जणींना ठाऊक असेल. पण 2008 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पिवळी कातडी आणि पिवळे पाय देणारा गुण तिला दुसऱ्याच एका पक्ष्याकडून मिळाला आहे, करड्या रानकोंबड्याकडून. हा पक्षी आपल्या सह्याद्रीत आजही पहाटे आरवतो. तेव्हा पिवळे पाय बघून कोंबडी निवडणारी बाई जे बघते, त्याला वर्णन नाही असं कसं म्हणायचं?

पण माझा खरा मुद्दा रंगाचा नाही, स्वभावाचा आहे. त्यातही एका स्वभावाचा, खुडूक बसण्याचा.

गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि मग थांबते. अंग फुगवून एका जागी बसते, जवळ गेलं की गुरगुरते, चोच मारते. बाई ओळखते की ही खुडूक झाली. चांगली अंडी निवडून टोपलीत भाताच्या पेंढ्यावर ती तिला रवणीला बसवते. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. पुढचे दीड-दोन महिने कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते, दाणा टिपायला शिकवते, घार दिसली की ओरडते. या काळात ती अंडी घालत नाही. म्हणून वर्षाला तिची अंडी पन्नास ते सत्तर. व्यापारी फार्मवरची कोंबडी तीनशेच्या वर घालते. झाली तुलना! गावठी नालायक ठरली.

कुक्कुटशास्त्रात खुडूकपणा हा दोष समजतात. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो काढून टाकला. पांढरी लेगहॉर्न जवळजवळ कधीच खुडूक बसत नाही. परसात पाळण्यासाठी म्हणून मुद्दाम तयार केलेल्या, हैदराबादच्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळूरची गिरिराजा, यासुद्धा बसत नाहीत. रंग गावठीसारखा, अंगानं भरदार, अंडी गावठीपेक्षा जास्त, स्वभाव शांत. पण पिल्लं काढणार नाहीत. ते काम यंत्राचं आणि विजेच्या दिव्याचं. म्हणजे पुढची पिल्लं पुन्हा विकत घ्यायची, नाहीतर पुढच्या योजनेची वाट बघायची.

बाईचं घरातलं पोरं वाढवायचं काम उत्पादनात धरत नाहीत, हे आपण किती शिबिरांत बोललो असू. इथे कोंबडीलाही तोच हिशोब लावला आहे. बोलीतही बघा, घरात बसून राहिलेल्या बाईला 'खुडकासारखी बसलीय' म्हणून हिणवतात. जी कोंबडी तीन आठवडे तहानभूक विसरून अंडी उबवते, तिच्या नावाची शिवी!

आता कुणी म्हणेल, तुम्ही सुधारणेच्या विरोधात आहात. नाही. दोन वेळची अंडी पोरांच्या पोटात जात असतील तर वनराजा मलाही हवी. शहापूरच्या बाजूला, एस.टी.च्या रस्त्यालगत, घरात वीज आणि हातात थोडा पैसा असलेल्या बाईला ती परवडते. दाणा विकतचा द्यावा लागतो, तो ती देऊ शकते. पण दिवाळीनंतर कुटुंबासकट भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी बाईचं काय? ती डालग्यात दोन कोंबड्या घालून बरोबर नेते किंवा शेजारणीकडे ठेवून जाते. तिला हवी कशी? उष्टंखरकटं, किडामुंगी खाऊन जगणारी, रात्री झाडावर चढून बसणारी, बाऊल आला तर उडून जाणारी, आणि परत आल्यावर एकीच्या दहा करून देणारी. जड अंगाची शांत कोंबडी तिच्याकडे महिनाभर टिकेल का, हे तिलाच विचारायला हवं.

अर्धलीची रीतही याच स्वभावावर उभी आहे. एकीनं कोंबडी द्यायची, दुसरीनं सांभाळायची, पिल्लं दोघींत वाटायची. टाकून दिलेली बाई, विधवा, नव्यानं वेगळी राहिलेली सून, हातात रुपया नसताना यातूनच सुरुवात करतात. ज्या कोंबडीला पिल्लंच होत नाहीत तिची अर्धली कशी करणार? आणि जमीन, बैल, घर नवऱ्याच्या नावावर असताना कोंबडीचा पैसा तेवढा बाईचा असतो. वह्या, दवाखान्याला जायचं भाडं, मीठमिरची यातूनच येते. अर्थात कोंबडा देवाला आणि जावयाला, त्यात तिला कुणी विचारत नाही, हेही खरंच.

जात ओळखता न आल्याचा तोटाही बाईलाच होतो. बाजारात 'गावठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत कोंबड्यांत कावेरी, डीपी अशा हॅचरीतल्या खूप असतात. खाणाऱ्याचं फार बिघडत नाही, पण रवणीसाठी तलंग घेणारी बाई फसते. सगळ्या एका वयाच्या, एका मापाच्या, पाय जाड, चोचीचं टोक कापलेलं, हात लावला तरी ओरडत नाहीत, अशा दिसल्या तर सावध व्हावं. कडकनाथचंही तसंच. झाबुआच्या या कोंबडीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिची कातडी, तुरा, पाय, मांससुद्धा काळपट असतं, अंडी मात्र फिक्या बदामी रंगाची असतात. काळी अंडी दाखवणारा खोटं बोलतो. कडकनाथच्या नावावर सांगलीकडे केवढा घोटाळा झाला, ते 2019 मध्ये आपण वाचलंच. असील दिसायला ताठ, लांब मानेची, तुरा बारीक. नर झुंजीसाठी प्रसिद्ध. पण मादी जीव तोडून पिल्लं सांभाळते. अंडी कमी. आपल्या वाड्यांतल्या तापट कोंबड्यांत कुठेतरी तिचा अंश असावा असा माझा अंदाज आहे, त्यापलीकडे दावा नाही.

मग आला बर्ड फ्लू. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला तो सापडला आणि भोवतालच्या एक किलोमीटरातल्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या. रोग पसरू नये म्हणून हे करावं लागतं, यावर माझा वाद नाही. त्याआधी सोळा वर्षं, 2006 साली, नवापूरला देशात पहिल्यांदा हे घडलं तेव्हापासूनची ही पद्धत आहे. पण नुकसानभरपाई पक्ष्याचा प्रकार आणि वय बघून ठरते, आणि मारलेल्या पक्ष्याचीच मिळते, आधी मेलेल्याची नाही. फार्मवाल्याकडे वह्या असतात, पावत्या असतात. परसातल्या सात कोंबड्यांची नोंद कुठे असते? रवणीवरची कोंबडी आणि तिच्याखालची चौदा अंडी कोण कुठल्या प्रकारात धरणार? आणि पैसे घ्यायला कोण पुढे होणार, तेही आपल्याला नव्यानं सांगायला नको.

2019 च्या पशुगणनेत देशात 85 कोटींवर कोंबड्या-बदकं होती आणि त्यातली जवळजवळ 32 कोटी परसातली. मागच्या गणनेपेक्षा परसातली संख्या 45 टक्क्यांहून जास्त वाढलेली. एवढ्या पक्ष्यांमागे किती बायांचे हात असतील! योजना आखणाऱ्यांनी 'किती अंडी घालते' याच्या शेजारी 'खुडूक बसते का' एवढा एक रकाना घालायला काय हरकत आहे? आणि पिल्लं वाटताना, ज्यांना हव्यात त्यांना चांगल्या रवणीच्या गावठी तलंगा द्यायला? त्या वाडीतल्या वाडीतच मिळतील, विकत घेतल्या तर पैसा बाईच्याच हातात जाईल.

गटांनी करण्यासारखंही आहे. मानमोडीची लस शंभर-शंभर मात्रांच्या बाटलीत येते, बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांची बाई एकटी ती आणत नाही, म्हणून उन्हाळ्यात अख्खी वाडी रिकामी होते. दहाबाराजणींनी एकाच सकाळी मिळून दिली तर भागतं.

त्या ठाकरवाडीतल्या गटानं आता बचतीच्या वहीची मागची पानं कोंबड्यांसाठी ठेवली आहेत. आठवीतली एक मुलगी लिहिते, बाया सांगतात. मालक म्हणून बाईचंच नाव. जातीच्या रकान्यावरून थोडा वाद झाला, तो त्यांनी ठेवलाच नाही. पहिल्या पानावरची नोंद अशी आहे: तांबडी, पाय पिवळे, एका डोळ्यानं अधू, वय तीन पावसाळे. सोळातली चौदा काढली. मुंगसावर धावते.