दहावीची सूट

कचेऱ्यांतील झेरॉक्स यंत्रे व प्रिंटर दुरुस्त करणारा तंत्रज्ञ आखातात नोकरीला गेला की तो बांधकामावरील मजुरापेक्षा सुरक्षित, असा समज आहे. पगारापुरता तो खरा असेलही. कायद्याच्या दृष्टीने मात्र चित्र उलटे आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली सहा आखाती देशांसह १८ देशांत जाणाऱ्या अल्पशिक्षित कामगाराला सरकारी परवानगी लागते व त्यावेळी त्याच्या करारपत्राची छाननी होते. दहावी उत्तीर्णांस यातून सूट आहे. शिकलेल्या माणसाला स्वतःचे हित कळते, हे त्यामागील गृहीत! पण यंत्राचे अंतरंग जाणणाऱ्यास अरबी करारपत्राचे अंतरंग कसे उमगावे? दलालाने सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढेच घ्यावे, हा नियमही अनेकांच्या कानी नसतो. तिकडे मुक्कामाचा परवाना मालकाशी बांधलेला. मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची मुभा कतारने २०२० मध्ये दिली, सौदी अरेबियाने २०२१ मध्ये, तीही अटींसह. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने या सुशिक्षितांनाही जाण्यापूर्वी नोंदणी सक्तीची केली होती. न नोंदवणाऱ्यास विमानतळावरूनच परत पाठवण्याची ती तरतूद जाचक होती, हे खरे. परंतु त्याच महिन्यात सक्ती स्थगित झाली आणि नोंदणी ऐच्छिक उरली. जाच टाळून करारपत्र तेवढे तपासण्याचा मधला मार्ग कोणी शोधलाच नाही.