मानवी जीवशास्त्राला पदवीचा प्रमुख विषय करा

मा. कुलगुरू,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांस,



नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीची आणि शाखा ओलांडून विषय घेण्याची मुभा दिली आहे. तिचा उपयोग करून विद्यापीठाने मानवी जीवशास्त्र हा प्रमुख विषय सुरू करावा आणि त्यात समाजशास्त्रांना जीवशास्त्राच्या बरोबरीचे स्थान द्यावे, ही माझी मागणी आहे.

तिचा आधार पुण्यातलेच संशोधन आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. स्नायू कमी असलेल्या या बाळांच्या पाठीवरची त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. सडपातळ माणसालाही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा इथे सापडतो. याच अभ्यासात गरोदरपणी अतिकष्टाची कामे करणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान आढळली, तर दूध, फळे, पालेभाज्या अधिक खाणाऱ्यांची मोठी. इन्सुलिनचे काम पेशीशास्त्र शिकवते. पण सातव्या महिन्यातही खुरपणीला कोणाला जावे लागते आणि घरातले दूध कोणाच्या वाट्याला येते, हे समजल्याशिवाय त्या २.७ किलोंचा उलगडा होत नाही.

प्राणिशास्त्र आणि मानवशास्त्र आहेतच, मग नवा विषय कशाला, असे विचारले जाईल. दोन विभागांत वेगवेगळे शिकलेले ज्ञान विद्यार्थ्याने स्वतःच जुळवावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून हा विषय पदवीला शिकवताना दोन्ही बाजू एकाच पायाभूत अभ्यासक्रमात आणल्या. त्याच्या उभारणीत नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हा विषय ‘नीट’मध्ये मागे पडलेल्यांचा आसरा ठरेल. २०२४ मध्ये त्या परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या आसपास. त्यामुळे धोका खरा आहे आणि अभ्यासक्रम वैद्यकाची पातळ आवृत्ती झाला, तर तो आक्षेप रास्तच ठरेल. म्हणून संख्याशास्त्र, आनुवंशिकी, आहारशास्त्र आणि गावातले क्षेत्रकार्य सक्तीचे हवे.

नोकऱ्यांचे काय? केंद्राने २०२३ मध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. उद्दिष्ट २०४७चे आहे. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत रक्ततपासणीनंतरचे काम अवघड असते. जोडप्यातले दोघेही वाहक असतील तर मुलांना आजार होण्याची शक्यता प्रत्येक गरोदरपणात चारात एक असते; हे लग्नाआधी, त्यांच्या भाषेत, कोणालाही कलंक न लावता सांगावे लागते. त्यासाठी जनुक आणि समाज दोन्ही जाणणारी माणसे लागतात. अशी पदे सरकारने पुरेशी निर्माण केलेली नाहीत, हे मान्य. तरी मनुष्यबळच तयार नसेल, तर ती मागायची कोणत्या बळावर?

पहिली तुकडी ३० जणांची असली तरी चालेल. प्राणिशास्त्र आणि मानवशास्त्र विभागांची संयुक्त अभ्यासक्रम समिती मात्र याच शैक्षणिक वर्षात नेमावी, ही विनंती.

आपला,
एक विज्ञानलेखक