साथ गल्लीत असते



यंदाच्या अंकासाठी आरोग्य हा विषय ठरला, तेव्हा काही मित्रांनी नाक मुरडलं. फराळाच्या ताटाशेजारी गोवर कशाला? आम्ही हट्ट सोडला नाही. 2022च्या दिवाळीच्या सुमारासच मुंबईत गोवंडीला गोवराची साथ उठली. भिवंडी-मालेगावातही तेच झालं. लहान मुलं दगावली. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होती, पण करोनाच्या धामधुमीत कितीतरी मुलांचे डोस राहून गेले होते.

गोवराचा हिशेब निर्दय आहे. कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत एक रोगी 12 ते 18 जणांना रोग देतो. त्या 18 पैकी 17 सुरक्षित असतील, तर तो जेमतेम एकाला देईल. त्याहून जास्त असतील, तर साथ विझत जाते. 95 टक्के लसीकरणाचा आग्रह इथून आला. तान्ही बाळं, केमोथेरपी चालू असलेली मुलं यांना ही लस सहसा देता येत नाही. आजूबाजूच्यांनी दंड पुढे केला तरच ती वाचतात. (धनुर्वाताचं तसं नाही. तो माणसाकडून माणसाला होत नाही. तिथे ज्याची सुई त्यालाच.)

पण हे 95 टक्के मोजायचे कुठे? राज्याची सरासरी कितीही चांगली असो, साथ पसरते ती गल्लीत. जुलै 2020मध्ये मुंबईतल्या तीन प्रभागांत रक्त तपासलं, तेव्हा झोपडपट्ट्यांत सुमारे 57 टक्के लोकांत करोनाची प्रतिपिंडं सापडली, बाहेरच्या वस्तीत 16 टक्के. यांची सरासरी काढून काय कळणार? ‘होऊन जाऊ दे सगळ्यांना, मग आपोआप थांबेल’ असं तेव्हा दिवाणखान्यांतून ऐकू येत होतं. 2021च्या लाटेनं त्याचं उत्तर दिलं. लस हाताशी असताना रोगाकडून प्रतिकारशक्ती मागणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे, असं आमचं मत.

देवीसुद्धा अखेर गल्लीतच हरली. रोगी शोधायचा आणि त्याच्या भोवतालची घरं टोचून काढायची, या पद्धतीनं 1975मध्ये ती भारतातून गेली.

वाचकहो, अंक उघडण्याआधी एक काम करा. घरातल्या लहानग्याचं आणि जमल्यास शेजारच्याचंही लसीकरण कार्ड बघा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. राहिला असेल, तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. आशाताईंना विचारा.