स्वस्तात उतरलो, हे कौतुक आता पुरे

चांद्रयान-३ ला ६१५ कोटी रुपये लागले. हा आकडा आमच्याकडे शाळेतली पोरंसुद्धा सांगतात आणि हॉलिवूडच्या चित्रपटाला याहून जास्त खर्च येतो, हेही लगेच जोडतात. अभिमान मलाही आहे. पण माधवनगर रस्त्यावर औद्योगिक वसाहतीत माझं वर्कशॉप आहे, पंपाचे शाफ्ट आणि स्लीव्ह आम्ही करून देतो. त्यामुळे एखादं काम स्वस्तात झालं असं कुणी म्हणालं, की तपासणीवर किती खर्च केला, हे मी आधी विचारतो.

आमच्या धंद्यात पार्टी कोटेशन चार ठिकाणी फिरवते आणि ज्याचा दर कमी त्याला काम देते. दर पाडायचा तर मटेरियलला हात लावता येत नाही, ते ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. टर्नरचा पगार कमी केला तर तो शेजारच्या शेडमध्ये जातो. उरतो तपासणीचा वेळ. बेअरिंग बसते त्या जागी प्रत्येक शाफ्टला तीन ठिकाणी मायक्रोमीटर लावायचा, जॉब फिरवून पुन्हा लावायचा, मग सेंटरवर धरून डायलनं रनआउट बघायचा. दर पडला की दहा नगांत एकच नग असा बघितला जातो. तपासणीचे पैसे वेगळे लावायचे नाहीत, असं एका मोठ्या गिऱ्हाइकानं मला तोंडावर सांगितलं होतं. पंपाचं सील गळलं तर माणूस जाऊन बदलून येतो. चंद्रावर ती सोय नाही.

तिथे हवाच नाही, म्हणजे पॅराशूट निरुपयोगी. सेकंदाला सुमारे १.७ किलोमीटर हा वेग केवळ इंजिनांच्या जोरावर शून्यावर आणायचा, ३० किलोमीटर उंचीवरून, १९ मिनिटांत. त्या वेळात बंगळुरूहून कुणी सुकाणू धरत नाही, निर्णय यानच घेतं.

७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ चा विक्रम हा लँडर पडला, तेव्हा इंजिनं बंद पडली नव्हती. उलट पाचही इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा जास्तच जोर दिला. त्या फरकाच्या चुका साचत गेल्या. यानाला झटकन वळून त्या सुधारायच्या होत्या, पण वळण्याच्या गतीला सॉफ्टवेअरनं मर्यादा घातली होती. उतरायची जागा होती ५०० मीटर बाय ५०० मीटर. तिथं पोचायला पुढे जायचं आणि त्याच वेळी वेगही कमी करायचा, अशी ओढाताण झाली.

पुढच्या चार वर्षांत इस्रोनं जे केलं, त्याला मी खरं कारागिराचं काम म्हणतो. मधलं पाचवं इंजिन काढलं. जागा चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटरच्या आसपास केली. पाय मजबूत केले. पूर्वी ते सेकंदाला दोन मीटर वेगाचा दणका सोसतील असे होते, आता तीन मीटरचा सोसतील असे केले. इंधन वाढवलं, सौरपट्ट्या वाढवल्या, वेग मोजायला लेझरचं नवं उपकरण बसवलं. सगळं सुरळीत होईल असं धरून न चालता, काय काय बिघडू शकतं याची यादी समोर ठेवून यान बांधलं. हेलिकॉप्टरला टांगून सेन्सर तपासले, पाय आपटून बघितले. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी यान उतरलं, तेव्हा आमच्या शेडमधली सगळी पोरं एका मोबाइलभोवती गोळा झाली होती आणि मशीन बंद ठेवल्याबद्दल मी कुणाला काही बोललो नाही. चारच दिवस आधी रशियाचं लुना-२५ चंद्रावर आदळलं होतं. त्याचं इंजिन ८४ सेकंदांऐवजी १२७ सेकंद चालू राहिलं.

आता त्या ६१५ कोटींकडे नीट बघा. चांद्रयान-२ ला ९७८ कोटी लागले होते. त्याचं ऑर्बिटर चंद्राभोवती फिरतच होतं, म्हणून तिसऱ्या मोहिमेला नवं बांधावं लागलं नाही. पडलेल्या विक्रमनं जे शिकवलं, त्याचे पैसेही त्या ९७८ कोटींतच गेले होते. वालचंदनगरला बूस्टरची कवचं आणि विक्रोळीत गोदरेजकडे विकास इंजिनं तयार करणारे हात वर्षानुवर्षांत तयार झाले, तो खर्च तर कुठल्याच मोहिमेच्या नावावर पडत नाही. पडून शिकण्याचा खर्च अमेरिकेनंही सोसला. १९६६ ते १९६८ मध्ये तिनं चंद्रावर सात सर्व्हेयर यानं पाठवली, त्यांतली पाच नीट उतरली. दोन पडतील हे सोसायची तयारी तिथे होती.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं चांद्रयान-४ साठी २,१०४.०६ कोटी मंजूर केले. दोन रॉकेटं, अंतराळात जोडणी, चंद्रावरची माती घेऊन परत येणं, आणि मुदत ३६ महिन्यांची. आराखडा पारखण्यासाठीच्या खास चाचण्यांचा खर्च त्या रकमेत धरलेला आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. माझं मागणं त्या चाचण्यांबद्दलच आहे. काम लांबलं, पैसा कमी पडला, तर त्यांना कात्री लावू नये. मुदत वाढली तरी चालेल, आकडा फुगला तरी चालेल. आणि जमलं तर लँडरचा दुसरा नग पहिल्याबरोबरच बांधायला घ्यावा. ड्रॉइंग, फिक्श्चर, माणसं हाताशी असताना दुसरा नग पहिल्यापेक्षा कमी खर्चात होतो, हे आमच्या वसाहतीतला कुठलाही फोरमन सांगेल.