छताचा पैसा कोणाचा?

तलाकचा विषय निघाला की आपल्या समाजात दोन तट पडतात. एक बाजू शरियतचा हवाला देते, दुसरी संविधानाचा. १९८५च्या शाहबानो निकालापासून २०१९च्या तिहेरी तलाकविरोधी कायद्यापर्यंत हा वाद चालत आला आहे आणि तो व्हायलाच हवा होता. पण या सगळ्या गदारोळात एका माणसाचा हिशेब नीट मांडला जात नाही. तो माणूस म्हणजे त्या घरातले मूल. त्याला दरमहा किती रक्कम मिळावी आणि ती कोणत्या आकड्यावरून काढावी, हा प्रश्न आपल्या सभांमध्ये क्वचितच येतो. या वेळी तो एका विशिष्ट घराच्या निमित्ताने मांडतो : बाप सैन्यात आहे, त्याला घरभाडे भत्ता किंवा सरकारी क्वार्टर मिळते आणि आई-मुले वेगळी राहतात.

सैनिकाचा पगार हा इतर नोकरदारांच्या पगारासारखा नसतो. १९५०च्या आर्मी अ‍ॅक्टचे कलम २८ सांगते की दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासाठी सैनिकाचे वेतन आणि भत्ते जप्त करता येत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्येही हे संरक्षण आहे. इतर नोकरदाराच्या पगारातून पोटगीसाठी दोन तृतीयांशापर्यंत जप्ती होऊ शकते, सैनिकाच्या बाबतीत तो रस्ता बंद आहे. सीमेवरच्या माणसामागे सावकार आणि कोर्टाचे बेलीफ लागू नयेत, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे.

पण याच कायद्याने बायको-मुलांसाठी दुसरा रस्ता ठेवला आहे. कलम ९० अधिकाऱ्यांसाठी आणि कलम ९१ इतर हुद्द्यांसाठी आहे. या कलमांनुसार पत्नीच्या आणि औरस वा अनौरस मुलांच्या पोषणासाठी सैनिकाच्या वेतन-भत्त्यांतून थेट कपात करता येते. २००१च्या एका लष्करी आदेशाने त्याचे प्रमाण घालून दिले : पत्नीसाठी कमाल २२ टक्के, प्रत्येक मुलासाठी ५.५ टक्के, आणि सगळे मिळून ३३ टक्क्यांच्या वर नाही. पत्नी लष्कराकडे अर्ज करते, सैनिकाला कारणे दाखवा नोटीस जाते आणि वरिष्ठ अधिकारी निर्णय देतो. दंडाधिकारी किंवा कुटुंब न्यायालयाकडे जाण्याचा हक्क याने संपत नाही, तो वेगळा आणि स्वतंत्र आहे.

मी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आहे. माझ्या कामात सूत्र चुकण्यापेक्षा सूत्रात टाकलेला आकडा अपुरा असण्याचे प्रमाण जास्त असते. पोटगीतही हेच घडते. ५.५ टक्के हे सूत्र झाले, पण ५.५ टक्के कशाचे?

समजा, एका जवानाचे मूळ वेतन ४०,००० रुपये आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून महागाई भत्ता त्याच्या निम्मा, म्हणजे २०,००० धरू. पुणे-मुंबईसारख्या ‘एक्स’ वर्गातल्या शहरात घरभाडे भत्त्याचा दर ३० टक्के धरला तर तो १२,००० होतो. बाकीचे भत्ते बाजूला ठेवू. आता एका मुलाचे ५.५ टक्के काढा. घरभाडे भत्ता वगळला तर ६०,०००वर ३,३०० रुपये येतात. तो धरला तर ७२,०००वर ३,९६० होतात. फरक महिन्याला ६६० रुपयांचा, वर्षाला ७,९२० रुपयांचा आणि दहा वर्षांत ७९,२०० रुपयांचा. पत्नीचा वाटा याहून वेगळा. भाड्याच्या खोलीत दोन मुले घेऊन राहणाऱ्या बाईसाठी महिन्याचे ६६० रुपये म्हणजे शाळेच्या रिक्षाचे किंवा गॅस सिलिंडरचे पैसे असतात.

‘घरभाडे भत्ता हा पगार नाही, तो घरासाठी दिलेला पैसा आहे,’ असे म्हणणारे भेटतात. अगदी बरोबर. मग प्रश्न असा की कोणाच्या घरासाठी? मुलाला छत लागत नाही का? आई वेगळी झाली म्हणून त्याची छताची गरज संपली का? उलट ती वाढली, कारण आता एका कुटुंबाला दोन घरे चालवायची आहेत.

अमेरिकेत या प्रश्नावर बरीच वर्षे वाद झाले आहेत. तिथे सैनिकाला हुद्दा, नेमणुकीचे ठिकाण आणि अवलंबून असलेली माणसे पाहून घरभत्ता दिला जातो. त्यावर आयकर लागत नाही. कर नाही म्हणजे उत्पन्न नाही, म्हणून मुलांच्या पोटगीत तो धरू नका, असा युक्तिवाद तिथे झाला. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये तो फेटाळला, आणि अनेक राज्ये हा भत्ता उत्पन्नात धरतात. अमेरिकी भूदलाचा नियम तर एक पाऊल पुढे आहे. न्यायालयाचा आदेश किंवा आपसातला करार नसेल, तेव्हा सैनिकाने कुटुंबाला किती द्यायचे याचे मापच घरभत्त्याच्या दरावरून ठरते. तिथली व्यवस्था इथे जशीच्या तशी आणावी असे मी म्हणत नाही. पण घराच्या पैशावर घरातल्या मुलाचा हक्क आहे, एवढे तरी तिथल्या लष्कराने उघड मान्य केले आहे.

आपल्याकडे असा आधार नाही असे नाही. आपण तो वापरत नाही. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे असा आदेश दिला. त्या नमुन्यात घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, महागाई भत्ता आणि नोकरीतून मिळणाऱ्या इतर सवलती यांची माहिती स्पष्टपणे मागितली आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही त्याच निकालात आहे. लष्करी मार्गाच्या कलमांत आणि आदेशातही ‘वेतन आणि भत्ते’ असाच शब्दप्रयोग आहे.

खरी अडचण क्वार्टरची आहे. सैनिक सरकारी घरात राहत असेल तर त्याच्या पगारपत्रकावर घरभाडे भत्ता दिसतच नाही. कागदावर त्याचे उत्पन्न भत्ता घेणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा कमी दिसते, जरी दोघांच्याही डोक्यावर सरकारने दिलेले छत असले तरी. म्हणून रोख भत्ता नसेल तर घराची सवलत आहे का आणि त्या घरात कोण राहते, हे विचारायला हवे. मुले आणि आई त्याच क्वार्टरमध्ये राहत असतील तर छताचा वाटा त्यांना मिळतोच आहे. तो पुन्हा मागणे न्याय्य नाही. बाप दूरच्या नेमणुकीत स्वतः भाडे भरत असेल तर तोही खर्च मोजायला हवा. मात्र घटस्फोटानंतर पत्नी म्हणून मिळालेले क्वार्टर बाईला सोडावे लागते आणि तिच्याबरोबर मूलही बाहेर पडते. त्या दिवसापासून छताचा हिशेब नव्याने मांडला गेला पाहिजे.

मुस्लिम घरात यात आणखी एक गैरसमज मिसळतो. इद्दतचा खर्च आणि मेहर दिली की जबाबदारी संपली, असे पुष्कळ पुरुष आजही मानतात. १९८६च्या कायद्यात मुलांसाठी जन्मापासून दोन वर्षांची तरतूद आहे, तिचा आधार घेऊन मुलांनाही त्यात गुंडाळले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात हा समज मोडीत काढला. ती दोन वर्षे आईच्या हक्काची आहेत, मुलांचा हक्क त्याहून वेगळा आहे आणि तो बालपणभर चालतो, असे न्यायालयाने सांगितले. हा हक्क पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. धर्म कोणताही असो, तो प्रत्येक मुलाला आहे. २०१९च्या कायद्याचे कलम ५ तलाक दिलेल्या स्त्रीबरोबर तिच्या मुलांसाठीही निर्वाहभत्ता सांगते. बापाने आपल्या ऐपतीप्रमाणे मुलांवर खर्च करावा, हे तत्त्व तर इस्लामी फिक्हलाही परके नाही. ऐपत मोजताना मात्र हात आखडता घ्यायचा आणि मग शरियतचे नाव घ्यायचे, हे चालणार नाही.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. पोटगीचा अर्ज लिहिताना ‘नवरा सैन्यात आहे, भरपूर कमावतो’ एवढ्यावर थांबू नका. ताजे पगारपत्रक मागवा. घरभाडे भत्ता आहे की क्वार्टर, ते लिहा. सक्तीच्या कपाती आणि स्वतःहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते वेगळे दाखवा, कारण हप्ते वाढवून हाती येणारा पगार कमी दाखवणे फार सोपे असते. प्रत्येक मुलाचा खर्च आईच्या खर्चापासून वेगळा मांडा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७च्या कायद्याने स्त्रिया आणि मुले यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

आणि लष्कराकडे आपली मागणी एवढीच असावी की ‘वेतन आणि भत्ते’ या शब्दांत घरभाडे भत्ता आणि क्वार्टरची सवलत कशी धरायची, हे एका पानात लिहून प्रत्येक अर्जदार बाईच्या हातात ठेवावे. आज तिला हे कोणी सांगत नाही. तिला कळते तोवर मूल दोन इयत्ता पुढे गेलेले असते.