चुन्याची निवळी आणि अजिंठ्याची भिंत

हिवाळा आला, की शाळांच्या सहली अजिंठ्याला निघतात. मुलांना पद्मपाणी दाखवतात, 1819 साली जॉन स्मिथला ही लेणी कशी दिसली ते सांगतात. इतिहासाचा तास होतो. त्याच भिंतीवरचा रसायनशास्त्राचा तास मात्र बुडतो.

ही चित्रे नुसत्या दगडावर काढलेली नाहीत. खडकावर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचे घट्ट कॅल्शियम कार्बोनेट होते. वर्गात चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, ती हीच अभिक्रिया. बहुतेक ठिकाणी प्रयोग इथेच संपतो. पण तोच वायू आणखी सोडत राहिले, तर दुधाळ पाणी पुन्हा नितळ होते. कारण पाण्यात कार्बोनिक आम्ल तयार होऊन कार्बोनेट विरघळू लागते. चुन्याला घट्ट करणारा वायूच ओलाव्याच्या साथीने त्याला पोखरतो! कोंदट गुंफेत माणसांच्या श्वासाची धास्ती का वाटते, माणसे मोजून आत का सोडतात, हे मग मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

त्याऐवजी आपण समीकरणे पाठ करून घेतो. हायड्रोक्लोरिक आम्लाचे एक, नायट्रिकचे दुसरे. क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे आयन सुटे होतात, असे स्वीडनच्या अऱ्हेनियसने 1884 साली प्रबंधात मांडले. परीक्षकांनी जेमतेम श्रेणी दिली. 1903 साली त्याच सिद्धांताला नोबेल मिळाले. तो उमजला, की पाठांतराचा डोंगर उतरतो. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी कोणतेही घ्या, हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांचे पाणी होते, मुख्य घटना एवढीच. सोडियम आणि क्लोराइड हे वऱ्हाडी. अक्षता टाकून आले तसे परततात.

अभ्यासक्रम संपवायचा असतो, प्रयोगशाळा अपुरी असते, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. पण पानाच्या डब्यातला चुना, चिमूटभर हळद आणि लिंबाची फोड कोणत्या घरात मिळणार नाही? हळद चुन्याने लाल होते, लिंबाने पुन्हा पिवळी. अशा वेळी आईवडिलांनी उत्तर सांगू नये, फक्त विचारावे, ‘यात खरे बदलले कोण, आणि नुसते हजर कोण होते?’ हा प्रश्न ज्या मुलाला पडला, त्याला रसायनशास्त्राची भीती वाटणार नाही.