क्रामर यांनी जपानला काय दिले?

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कतार येथील विश्वचषक स्पर्धेत जपानने जर्मनीचा २-१ असा पराभव केला, तेव्हा सर्वत्र आश्चर्य व्यक्त झाले. जपानचे दोन्ही गोल करणारे रित्सू दोआन व ताकुमा असानो त्या वेळी जर्मनीतीलच क्लबांकडून खेळत होते. गुरूच्या घरी विद्या घेऊन शिष्याने गुरूलाच हरवावे, असा हा प्रकार होता. मात्र या गुरुशिष्यसंबंधाचा आरंभ त्यापूर्वी बासष्ट वर्षे, १९६० साली झाला होता. तो ज्यांच्यामुळे झाला ते डेटमार क्रामर २०१५ मध्येच निवर्तले होते.

क्रामर यांचा जन्म १९२५ साली डॉर्टमुंड येथे झाला. त्यांच्या कारकिर्दीचा सारांश लिहावयाचा तर साधारणतः १९७५ आणि १९७६ या दोन वर्षांकडे बोट दाखविले जाते. या दोन्ही वर्षी त्यांच्या मार्गदर्शनाखाली म्युनिकच्या बायर्न क्लबने युरोपीय चषक जिंकला. पहिल्या वेळी लीड्सला, दुसऱ्या वेळी सेंट-एतियेनला हरवून. हे यश मोठे आहे, यात शंका नाही. परंतु ज्या संघात बेकेनबाउअर, गेर्ड म्युलर आणि गोलरक्षक सेप मायर आहेत, त्याच्या विजयात प्रशिक्षकाचा वाटा किती, हे कसे ठरवावयाचे? अर्थशास्त्रात ज्याला सीमांत योगदान म्हणतात, ते येथे वेगळे काढणे जवळजवळ अशक्य आहे. क्रामर यांनी १९७५ च्या जानेवारीत सूत्रे हाती घेतली, त्या मोसमात हाच बायर्न संघ जर्मन साखळीत दहावा आला आणि १९७६-७७ मध्ये सातवा. १९७७ संपण्यापूर्वी क्रामर यांना क्लब सोडावा लागला. पुढे फ्रँकफुर्ट, सौदी अरेबिया, लेव्हरकुसेन असा प्रवास झाला. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही.

त्यांच्या कामाचे मोजमाप करावयाचे तर जपानकडेच वळले पाहिजे, कारण तेथे 'पूर्वी' आणि 'नंतर' यांतील अंतर स्पष्ट दिसते. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी जपानचा फुटबॉल संघ पात्रही ठरला नव्हता, आणि चार वर्षांनी तर टोकियोतच ऑलिंपिक भरावयाचे होते. यजमानाची नाचक्की टळावी म्हणून जपानी संघटनेने जर्मनीकडे प्रशिक्षक मागितला. आलेला हा ठेंगणा गृहस्थ राष्ट्रीय संघातील खेळाडूंना पायाच्या आतल्या बाजूने चेंडू कसा ढकलावा, आलेला चेंडू कसा थांबवावा, असे प्राथमिक शाळेतले धडे देऊ लागला. खेळाडूंना प्रथम हा आपला अपमान वाटला, आणि ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे. पण १९६४ मध्ये याच संघाने टोकियोत अर्जेंटिनाला ३-२ असे हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली.

एवढ्यावर सत्कार स्वीकारून मायदेशी परतता आले असते. क्रामर यांनी मात्र जाण्यापूर्वी जपानी संघटनेपुढे काही सूचना ठेवल्या. त्यांपैकी तीन महत्त्वाच्या होत्या : देशव्यापी साखळी स्पर्धा सुरू करा, प्रशिक्षक तयार करण्याची पद्धतशीर व्यवस्था उभारा आणि हिरवळीची मैदाने तयार करा. साखळी स्पर्धेचा आग्रह वरवर तांत्रिक वाटतो, पण खरे मर्म त्यातच आहे. जपानमधील प्रमुख स्पर्धा तोवर बाद पद्धतीच्या होत्या. हरलेला संघ दुसऱ्या दिवशी घरी. म्हणजे ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, त्यालाच सर्वांत कमी सामने. उलट, साखळीत दुर्बल संघालाही मोसमभर बलवान संघांशी झुंजावे लागते आणि चूक सुधारण्यास पुढचा आठवडा मिळतो. १९६५ मध्ये जपानी साखळी स्पर्धा सुरू झाली. तिच्यातील आठही संघ फुरुकावा, मित्सुबिशी, हिताची यांसारख्या कंपन्यांचे होते आणि खेळाडू त्या कंपन्यांचे नोकर होते. १९६८ मध्ये मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने यजमानांना २-० असे हरवून कांस्यपदक मिळविले, तेव्हा संघाचे प्रशिक्षक क्रामर नव्हते. केन नागानुमा आणि त्यांचे साहाय्यक शुन्इचिरो ओकानो हे त्यांचे शिष्य संघ सांभाळत होते. हे दोघे पुढे एकामागून एक जपानी संघटनेचे अध्यक्ष झाले.

यानंतरची कथा चढत्या क्रमाची नाही, आणि ती तशी सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. कांस्यपदकानंतर जपानचा संघ ढासळला. ऑलिंपिकमध्ये पुन्हा पोचण्यास १९९६ साल उजाडले आणि विश्वचषक स्पर्धेत प्रथम प्रवेश मिळाला तो १९९८ मध्ये. कंपन्यांच्या संघांची साखळी प्रेक्षकांअभावी कित्येक वर्षे रखडत चालली होती. पण ती बंद पडली नाही. १९९३ मध्ये व्यावसायिक 'जे-लीग' सुरू झाली, तेव्हा फुरुकावा, मित्सुबिशी यांचेच संघ नवी नावे घेऊन तिच्यात उतरले. पंचवीस वर्षे परतावा न देणारी गुंतवणूक सांभाळणे हे फार थोड्या संस्थांना जमते.

आता आपल्याकडे पाहू. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत भारताने याच जपानला २-० असे हरविले आणि पुढे सुवर्णपदकही जिंकले. त्या संघाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम दुसऱ्याच वर्षी कर्करोगाने गेले. १९६९ मध्ये क्रामर यांनी जपानमध्ये आशियाई प्रशिक्षकांसाठी जो अभ्यासक्रम घेतला, त्यात आपले पी. के. बॅनर्जीही होते आणि १९७० मध्ये बँकॉक येथे भारताने जपानलाच १-० असे नमवून आशियाई कांस्यपदक मिळविले. तात्पर्य, विद्या आपल्यालाही मिळाली होती, आणि तीही त्याच गुरूकडून. परंतु मुंबईचा रोव्हर्स चषक काय किंवा ड्युरँड काय, आपल्या नामांकित स्पर्धा मुख्यतः बाद पद्धतीच्याच राहिल्या. कलकत्त्याची साखळी १८९८ पासूनची खरी, पण ती एका शहराची. राष्ट्रीय साखळी स्पर्धा आपण सुरू केली ती १९९६ मध्ये, जपाननंतर एकतीस वर्षांनी.

परदेशी प्रशिक्षक मात्र आपण आणीतच राहिलो. इगोर स्टिमाच २०१९ मध्ये आले, त्यांना २०२४ च्या जूनमध्ये दूर करण्यात आले. त्यानंतर आलेले मानोलो मार्केस वर्षभरातच गेले. दोघांविषयी जी चर्चा झाली ती बहुतांशी सामन्यांच्या निकालांची. त्यांच्या हाताखाली किती भारतीय प्रशिक्षक तयार झाले, हा प्रश्न संघटनेच्या कोणा पदाधिकाऱ्याने जाहीरपणे उपस्थित केल्याचे निदान माझ्या वाचनात नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील यांची राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून नियुक्ती झाली. मुंबईच्या महिंद्र युनायटेडमधून खेळलेला आणि येथील स्पर्धांतच प्रशिक्षक म्हणून घडलेला हा माणूस. नागानुमांना जपानी संघटनेने जितकी वर्षे दिली, तितकी त्यांना मिळणार आहेत काय, हे संघटनेने आताच सांगून टाकावे.